'संशोधनातून सिद्ध झालं' म्हणजे नेमकं काय? आहाराच्या बातम्यांमागचे अभ्यास आणि आकडे कसे वाचायचे

"रोज हे फळ खा, कॅन्सर जवळ येणार नाही." "रात्री हा पदार्थ खाल्लात तर हार्ट अटॅकचा धोका दुप्पट." फॅमिली ग्रुपवर असे मेसेज येतात आणि शेवटी एक ओळ हमखास असते : 'हे संशोधनातून सिद्ध झालं आहे.' पंधरा दिवसांनी नेमकी उलटी बातमी येते. मग 'हे शास्त्रज्ञ रोज मत बदलतात' असं म्हणून लोक दोन्ही बातम्या सोडून देतात किंवा आपल्याला सोयीची तेवढी उचलतात.

खरं तर बहुतेक वेळा शास्त्रज्ञांनी मत बदललेलं नसतं. दोन बातम्यांमागचे अभ्यास वेगळ्या प्रकारचे असतात. कोणत्या प्रकारचा अभ्यास कोणत्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकतो, एवढं कळलं तरी अर्धा गोंधळ संपतो. पोषणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे अभ्यासक्रमात असतं, पण त्याची गरज रोज मोबाईलवर बातम्या वाचणाऱ्या प्रत्येकाला आहे.

आधी एका गोळीची गोष्ट

गाजर, लाल भोपळा, पालक, आंबा यांमध्ये बीटा-कॅरोटीन असतं. शरीर त्यापासून 'अ' जीवनसत्त्व तयार करतं. १९८० च्या दशकापर्यंत अनेक अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली होती : ज्यांच्या आहारात किंवा रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त, त्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर कमी होतो. मग सिगारेट ओढणाऱ्यांना बीटा-कॅरोटीनची गोळी दिली तर?

फिनलंडमध्ये हे करून पाहिलं गेलं. ५० ते ६९ वयाचे, धूम्रपान करणारे २९,१३३ पुरुष निवडले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे गट पाडले. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, काहींना 'ई' जीवनसत्त्व, काहींना दोन्ही आणि काहींना औषध नसलेली पण तशीच दिसणारी गोळी दिली. हे ५ ते ८ वर्षं चाललं.

१९९४ साली निकाल प्रसिद्ध झाला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरचे ४७४ रुग्ण सापडले, न घेणाऱ्यांमध्ये ४०२. दोन्ही बाजूंना माणसं जवळपास सारखीच होती. म्हणजे गोळीने कॅन्सर कमी झाला नाहीच, उलट वाढला.

अमेरिकेत अशीच दुसरी चाचणी सुरू होती. त्यात धूम्रपान करणारे, पूर्वी करत असलेले आणि ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेले १८,३१४ जण होते. त्यांच्यापैकी काहींना बीटा-कॅरोटीन आणि 'अ' जीवनसत्त्व एकत्र दिलं जात होतं. तिथेही कॅन्सरचं प्रमाण २८ टक्क्यांनी जास्त दिसलं आणि जानेवारी १९९६ मध्ये ती चाचणी ठरल्यापेक्षा २१ महिने आधी थांबवावी लागली.

मग आधीचे अभ्यास खोटे होते का? नाही. फिनलंडच्याच अभ्यासात, गोळी न घेणाऱ्या पुरुषांमध्ये, ज्यांच्या रक्तात मुळात बीटा-कॅरोटीन जास्त होतं त्यांना कॅन्सर कमीच झाला होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. रक्तातलं जास्त बीटा-कॅरोटीन ही भाजीपाला आणि फळं भरपूर खाणाऱ्या माणसाची खूण होती. असा माणूस इतर बाबतींतही वेगळा असतो. गोळी खाऊन रक्तातला आकडा वाढला, पण माणूस आणि त्याचं ताट तेच राहिलं.

'दोन गोष्टी एकत्र दिसतात' आणि 'एकीमुळे दुसरी होते' यांत किती अंतर आहे, ते या गोष्टीतून कळतं. अभ्यासाचे सगळे प्रकार हे अंतर कमी करण्यासाठीच आहेत.

अभ्यासांचे दोन मोठे प्रकार

पहिला प्रकार निरीक्षणाचा. यात संशोधक लोकांच्या खाण्यात ढवळाढवळ करत नाहीत. कोण काय खातं आणि कोणाला काय होतं, एवढंच नोंदवतात. दुसरा प्रकार प्रयोगाचा. यात कोणी काय खायचं किंवा घ्यायचं हे संशोधक ठरवतात.

१. क्रॉस-सेक्शनल अभ्यास : एका वेळचा फोटो

एका ठरावीक काळात मोठ्या लोकसंख्येची पाहणी करायची, हा सर्वांत सोपा प्रकार. मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेलं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हे याचं परिचित उदाहरण. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांमध्ये रक्ताक्षय आढळला.

सरकारी योजना आखायला असा आकडा फार मोलाचा असतो. पण फोटोत आधी काय घडलं आणि नंतर काय, हे दिसत नाही. समजा, पाहणीत डाएट कोल्ड्रिंक पिणाऱ्यांचं वजन जास्त आढळलं. कोल्ड्रिंकमुळे वजन वाढलं, की वजन वाढलं म्हणून माणूस डाएट कोल्ड्रिंककडे वळला? एका फोटोवरून हे सांगता येत नाही.

२. केस-कंट्रोल अभ्यास : आजारापासून मागे

यात आधी रुग्ण शोधतात, मग त्याच वयाचे, तशाच परिस्थितीतले निरोगी लोक घेतात आणि दोन्ही गटांना पूर्वीच्या सवयी विचारतात. दुर्मीळ आजारांसाठी ही पद्धत उपयोगी आहे, कारण हजारो लोकांमागे वर्षानुवर्षं फिरावं लागत नाही. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांत याच पद्धतीने धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवला.

अडचण आठवणीची आहे. आजारी माणूस 'माझ्याच वाट्याला हे का आलं' म्हणून भूतकाळ उकरत असतो, निरोगी माणसाला तेवढं आठवत नाही. शिवाय सिगारेटची संख्या आठवते, पण दहा वर्षांपूर्वी आठवड्यातून किती वेळा पालक खाल्ला हे कोण सांगणार?

३. कोहॉर्ट अभ्यास : लोकांसोबत पुढे

यात निरोगी लोकांचा गट घेऊन त्यांचं खाणंपिणं आधीच नोंदवतात आणि वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू केलेला अभ्यास या प्रकारचा आहे. गर्भवती महिलांपासून सुरुवात झाली आणि पुढे त्यांच्या मुलांचाही पाठपुरावा झाला. इथली बाळं ब्रिटनमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी होती, पण त्या मानाने त्यांच्या अंगावरची चरबी कमी नव्हती. भारतीयांमधल्या मधुमेहाची मुळं जन्माच्या आधी असू शकतात, या विचाराला त्यातून बळ मिळालं.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या आया गरोदरपणात पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा घेत होत्या, त्यांची बाळं जन्मताना मोठी होती.

कोहॉर्टमध्ये आधी काय आणि नंतर काय हे स्पष्ट असतं. तरी एक प्रश्न उरतोच. जिच्या ताटात फळं आणि दूध आहे, तिच्या घरी पैसाही थोडा जास्त असेल, कष्ट थोडे कमी असतील, दवाखाना जवळ असेल. अशा आड लपलेल्या तिसऱ्या कारणाला 'कन्फाउंडर' म्हणतात. संशोधक गणिताने त्याचा परिणाम वजा करायचा प्रयत्न करतात. पण जे मोजलंच नाही, ते वजा करता येत नाही.

४. आरसीटी : चिठ्ठी टाकून प्रयोग

रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल म्हणजे आरसीटी. कोण कोणत्या गटात जाणार हे नशिबावर सोडायचं, हे तिचं मर्म. गट पुरेसे मोठे असतील तर श्रीमंत-गरीब, तरुण-म्हातारे, व्यायाम करणारे-न करणारे दोन्हीकडे साधारण सारखे वाटले जातात. जे मोजलेलं नाही तेही वाटलं जातं. मग शेवटी दिसणारा फरक त्या आहाराचा किंवा गोळीचा आहे, असं म्हणायला आधार मिळतो.

पुण्याजवळच्या गावांत जे दिसलं, त्याची परीक्षा पुढे मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये अशाच चाचणीतून झाली. ६,५१३ महिलांचे गट पाडले. एका गटाला गरोदर राहण्याच्या आधीपासून पालेभाज्या, फळं आणि दूध घातलेला खाऊ दिला, दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. २०१४ साली निकाल आला. सगळ्या महिला मिळून पाहिलं तर बाळांच्या वजनात सरासरी २६ ग्रॅमचा फरक होता आणि तो योगायोग नाही असं म्हणता येत नव्हतं. गर्भधारणेच्या किमान ९० दिवस आधी खाऊ सुरू झालेल्या महिलांपुरतं पाहिलं तर फरक ४८ ग्रॅम होता. म्हणजे गावात दिसलेला संबंध पूर्ण खोटा ठरला नाही, पण 'भाजी-फळं द्या, बाळ मोठं होईल' इतकं ते सोपंही नव्हतं.

चिठ्ठी टाकण्यात गडबड झाली तर आरसीटीही डळमळते. मेडिटेरेनियन आहाराने हृदयविकाराचा धोका घटतो, असं सांगणारी स्पेनमधली मोठी चाचणी २०१३ मध्ये गाजली होती. पुढे कळलं की काही ठिकाणी व्यक्तींऐवजी एका दवाखान्याचे सगळे लोक किंवा एकाच घरातली माणसं एका गटात टाकली होती. २०१८ मध्ये तो शोधनिबंध मागे घेतला गेला आणि आकडे पुन्हा तपासून, निष्कर्षाची भाषा सौम्य करून नव्याने छापला गेला.

५. मेटा-ॲनालिसिस : अनेक अभ्यासांची बेरीज

एका विषयावरचे सगळे अभ्यास शोधून, त्यांचे आकडे एकत्र करून काढलेला निष्कर्ष म्हणजे मेटा-ॲनालिसिस. पुराव्याच्या उतरंडीत तो सर्वांत वर मानतात. पण आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? मूळ अभ्यास कच्चे असतील तर बेरीजही कच्चीच.

मग निरीक्षणाचे अभ्यास टाकाऊ आहेत का?

अजिबात नाही. लोकांना चिठ्ठी टाकून सिगारेट ओढायला लावता येत नाही. धूम्रपानाचे दुष्परिणाम माणसांच्या निरीक्षणातूनच सिद्ध झाले आहेत. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या पद्धतींनी तोच निकाल आला, जितक्या सिगारेट जास्त तितका धोका जास्त हे दिसलं आणि त्यामागचं शरीरातलं कारणही सापडलं. असे पुरावे जमले की शंका उरत नाही.

कधी निरीक्षणातून आलेली शंका प्रयोगात खरीही ठरते. गरोदरपणात फोलेट कमी पडल्यास बाळाच्या मेंदू-मणक्यात दोष राहतो, असा संशय होता. ज्यांना असं बाळ आधी झालं होतं, अशा महिलांवर सात देशांत चाचणी झाली. १९९१ च्या निकालात फॉलिक ॲसिड घेणाऱ्या महिलांमध्ये हा दोष ७२ टक्क्यांनी कमी झाला होता. म्हणूनच आज गरोदरपणाच्या आधीपासून ही गोळी घ्यायला सांगतात.

बीटा-कॅरोटीन आणि फॉलिक ॲसिड. दोन्ही वेळा सुरुवात निरीक्षणातूनच झाली. कोणती गोळी तारेल आणि कोणती मारेल, हे मात्र प्रयोगाशिवाय कळलं नसतं.

आता आकडे

सरासरी आणि मध्यक. समजा, पाच जणांनी एक डाएट केलं. वजन घटलं ०, ०, १, १ आणि १३ किलो. सरासरी ३ किलो. जाहिरातीत 'सरासरी ३ किलो घट' छापलं तर ते खोटं नाही, पण पाचपैकी चौघांचं वजन एक किलोच्या वर घटलेलं नाही. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घेतला तर तो १ किलो येतो. हा मध्यक. एखादा टोकाचा आकडा असेल तेव्हा मध्यक जास्त खरं बोलतो.

प्रमाण विचलन. दोन वर्गांतल्या मुलींचं सरासरी हिमोग्लोबिन १२ आहे. एका वर्गात सगळ्या ११ ते १३ च्या दरम्यान, दुसऱ्यात ७ पासून १७ पर्यंत. सरासरी सारखी, पण दुसऱ्या वर्गात काही मुलींना तातडीने डॉक्टरकडे न्यायला हवं. आकडे सरासरीपासून किती पसरले आहेत, ते प्रमाण विचलन सांगतं.

सापेक्ष धोका आणि प्रत्यक्ष धोका. मथळे इथेच सर्वांत जास्त फसवतात. फिनलंडच्या चाचणीत बीटा-कॅरोटीन न घेणाऱ्या १०,००० पुरुषांमागे वर्षाला ४७.५ जणांना फुफ्फुसाचा कॅन्सर झाला, घेणाऱ्यांमध्ये ५६.३ जणांना. हा फरक 'धोका १८ टक्क्यांनी वाढला' असा सांगता येतो आणि 'दहा हजारांमागे वर्षाला सुमारे ९ रुग्ण वाढले' असाही. पहिला सापेक्ष आकडा, दुसरा प्रत्यक्ष. दोन्ही बरोबर आहेत.

'धोका दुप्पट' असं वाचलं की लगेच विचारावं, 'कशाच्या दुप्पट?' दहा लाखांत एकाचे दोन झाले तरी दुप्पट आणि दहांत एकाचे दोन झाले तरी दुप्पटच.

पी-व्हॅल्यू. आहाराचा खरोखर काहीच परिणाम नसता, तरी केवळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, हे पी-व्हॅल्यू सांगते. ती ०.०५ पेक्षा कमी असेल तर निकालाला 'सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय' म्हणायचा प्रघात आहे. याचा अर्थ दावा ९५ टक्के खरा असा होत नाही आणि फरक मोठा किंवा महत्त्वाचा असाही होत नाही. हजारो लोकांच्या अभ्यासात पाव किलोचा फरकही 'लक्षणीय' ठरू शकतो.

पी-व्हॅल्यूशी खेळताही येतं. २०१५ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम एक प्रयोग केला. अवघे १५ लोक, तीन आठवडे, काहींना रोज चॉकलेट आणि प्रत्येकाच्या वजन, कोलेस्टेरॉल, झोप अशा १८ गोष्टींची मोजमापं. इतक्या गोष्टी मोजल्या की एखादीत योगायोगाने फरक दिसतोच. ढोबळ गणिताने पाहिलं तर १८ चाचण्यांमध्ये निदान एक 'लक्षणीय' निकाल निव्वळ नशिबाने मिळण्याची शक्यता ६० टक्के असते. निकाल निघाला 'चॉकलेटने वजन लवकर घटतं' आणि तो अनेक देशांत बातमी म्हणून छापला गेला. नंतर बोहॅननने स्वतःच सगळा बनाव उघड केला.

कॉन्फिडन्स इंटरव्हल. एकच आकडा देण्याऐवजी खरं उत्तर साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतं, ती पट्टी म्हणजे कॉन्फिडन्स इंटरव्हल. फिनलंडमधल्या १८ टक्क्यांची पट्टी ३ ते ३६ टक्के होती. वाढ लहान असेल किंवा मोठी, पण पूर्ण पट्टी वाढीच्याच बाजूला आहे. मुंबईतल्या २६ ग्रॅमची पट्टी होती उणे १५ ते अधिक ६८. मध्ये शून्य येतं. म्हणून 'सगळ्यांना फायदा झाला' असं संशोधकांनी म्हटलं नाही. अभ्यासातले लोक जितके कमी, तितकी ही पट्टी रुंद.

आहाराचे अभ्यास इतके अवघड का?

गोळीसारखी दिसणारी खोटी गोळी करता येते, भाकरीसारखी दिसणारी खोटी भाकरी करता येत नाही. आपण काय खातोय हे माणसाला कळतंच. 'काल काय खाल्लं?' या प्रश्नाला लोक नकळत थोडं कमी आणि थोडं शहाण्यासारखं उत्तर देतात. एक पदार्थ कमी केला की त्याच्या जागी दुसरा येतो, मग परिणाम कोणाचा? आणि हृदयविकार किंवा कॅन्सर दिसायला वर्षं लागतात, तेवढा काळ कोणी ठरवून दिलेलं जेवत नाही.

म्हणून या क्षेत्रात एका अभ्यासावरून 'सिद्ध झालं' असं क्वचितच म्हणता येतं.

फॉरवर्ड करण्याआधी विचारायचे सात प्रश्न

- अभ्यास माणसांवर झाला, की उंदरांवर किंवा काचपात्रातल्या पेशींवर?
- संशोधकांनी फक्त निरीक्षण केलं, की चिठ्ठी टाकून प्रयोग केला?
- किती लोक होते आणि किती काळ?
- तुलना कशाशी केली? दुसरा गट होता का?
- वाढ किंवा घट टक्क्यांत सांगितली असेल तर मुळातला धोका किती होता?
- प्रत्यक्ष आजार मोजला, की फक्त रक्तातला एखादा आकडा?
- इतर अभ्यासांतही हेच दिसलं आहे का? आणि पैसा कोणाचा होता?

सातही उत्तरं बातमीत सापडली नाहीत तर ती लगेच खोटी ठरत नाही. पण तिच्या भरवशावर चालू औषध बंद करणं किंवा नवी गोळी सुरू करणं धोक्याचं आहे. फिनलंडमधले पुरुष घेत होते ती गोळीही गाजरात असलेल्या घटकाचीच होती.